‘आपण’ आणि ‘आम्ही’ : वृद्धांच्या गृहांतराचा प्रश्न आणि मराठी नाटक

१

वृद्धांची उपेक्षा हा विषय मराठी वाङ्मयास नवा नाही. विशेषतः १९७० नंतरच्या नाट्यवाङ्मयात तो वारंवार हाताळला गेला आहे, आणि त्याची समीक्षाही विपुल झाली आहे. तथापि ही समीक्षा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरताना दिसते. वृद्धांच्या दुःखास जबाबदार कोण, हा पहिला. आणि त्या दुःखाचा परिपोष नाटककाराने कसा साधला, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांच्या आधी विचारावयास हवा असा एक तिसरा प्रश्न जवळजवळ अस्पर्श राहिला आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाने यापुढे या घरात राहू नये, हा निर्णय कोणत्या वाक्यात घेतला जातो? आणि त्या वाक्याचा कर्ता कोण असतो?

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. तो स्पष्ट होण्यासाठी सोलापुरातील एक घर उदाहरणादाखल कल्पावे. सात रस्ता या चौकाच्या आसपास हे घर आहे. वडील रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, वयाने ऐंशीच्या पुढे. मांडीचे हाड मोडल्यापासून अंथरुणास खिळलेले. थोरला मुलगा सुमारे अडीचशे किलोमीटरवरील पुण्यास नोकरीत स्थिरावला आहे. मुलगी हैदराबादेस दिलेली आहे. धाकटा मुलगा आणि सून हे दोघे वडिलांजवळ राहतात. पाठीस जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, आणि हे काम रात्रीही सुटत नाही. सून स्वतः पन्नाशी ओलांडलेली असून तिलाही कमरेचे दुखणे जडले आहे. दिवाळीस सर्व भावंडे जमतात, वडिलांच्या खोलीचे दार हलकेच लोटून घेतले जाते, आणि स्वयंपाकघरात थोरला म्हणतो : “आपण आता काही तरी ठरवायला हवे.”

या वाक्यातील ‘आपण’ या शब्दाची मर्यादा त्या लोटलेल्या दारापाशी संपते. प्रस्तुत विवेचनाचा सारा रोख या मर्यादेवर आहे.

२

मराठीत उत्तम पुरुषाच्या अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. हा भेद सर्वच भाषांत आढळत नाही. सोलापुरात शेजारीशेजारी बोलल्या जाणाऱ्या भाषांपुरते पाहिले, तर विणकर वस्त्यांतील तेलुगू भाषकांपाशी ‘मनम्’ आणि ‘मेमु’ असा हाच भेद आहे. आजच्या प्रमाण कन्नडात मात्र ‘नावु’ हे एकच सर्वनाम दोन्ही अर्थांना पुरते. तेव्हा ऐकणारा आपल्यात आहे की नाही, हे मराठी बोलणाऱ्यास प्रत्येक वाक्यात सांगावेच लागते. त्यातून सुटका नाही.

‘आपण’ या शब्दाचा आणखी एक उपयोग येथे लक्षात घेण्यासारखा आहे. आदरार्थी मध्यम पुरुषासाठीही हेच सर्वनाम योजले जाते. म्हणजे ज्याला सोबत घ्यावयाचे तो, आणि ज्याचा मान राखावयाचा तो, या दोघांसाठी भाषेने एकच शब्द राखून ठेवला आहे. वरील उदाहरणातील ‘आपण’ या दोन्ही अर्थांना पारखा झाला आहे. वडील ऐकणाऱ्यांत नाहीत, म्हणून व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष ठरते; परंतु ते ऐकणाऱ्यांत का नाहीत, याचे उत्तर व्याकरण देत नाही. ते देणे हे वाङ्मयाचे काम आहे.

निर्णयानंतरची क्रियापदेही अशीच बोलकी आहेत. ‘पेटी माळ्यावर ठेवली’ हा कर्मणि प्रयोग होय; येथे क्रियापद पेटीशी जुळते. ‘अण्णांना वृद्धाश्रमात ठेवले’ हा भावे प्रयोग होय. येथे क्रियापद ना कर्त्याशी जुळते, ना कर्माशी. त्यातही कर्ता बहुधा अध्याहृत असतो. याहून पुढची पायरी म्हणजे ‘ठेवावे लागले’. येथे जबाबदारी परिस्थितीवर जाते. त्याहूनही पुढची पायरी म्हणजे ‘अण्णांची सोय झाली’. येथे कर्तृत्वच नाहीसे होते. पाऊस पडावा तशी सोय होते. याउलट शेजारीपाजारी आणि नातलग हीच घटना ‘टाकले’ या क्रियापदाने सांगतात. या क्रियापदास मराठी समाजात मोठा इतिहास आहे. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या स्त्रीस ‘टाकलेली’ म्हणत असत, आणि अजूनही म्हणतात. ज्याच्या पाठीशी कोणी उभे नाही, अशा माणसासाठी हे क्रियापद योजले जाते.

एक आक्षेप येथेच विचारात घ्यावयास हवा. ‘मुलाला वसतिगृहात ठेवले’ या वाक्याची रचनाही हीच आहे, मग वृद्धांच्या बाबतीतच भाषेस दोष का द्यावा? आक्षेप रास्त आहे. रचना स्वतः अपराधी नसते. फरक इतकाच की, वसतिगृहात ठेवलेल्या मुलाविषयी पुढे ‘तो तेथे शिकला’, ‘तो परत आला’ अशी वाक्ये तयार होतात आणि मूल त्यांचे कर्तेपद घेते. वृद्धाविषयीचे वाक्य बहुधा कर्मपदावरच थांबते. त्यास पुन्हा कर्ता होण्याची संधी मिळते की नाही, हीच या विषयावरील कलाकृतींची खरी कसोटी होय.

३

या कसोटीवर ‘नटसम्राट’ हे नाटक पाहिले असता काय दिसते? वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १९७० साली झाला. ‘किंग लिअर’शी असलेले त्याचे नाते सर्वश्रुत आहे. गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलांना वाटून टाकतात, प्रथम मुलाच्या व नंतर मुलीच्या घरी अपमान सोसतात, आणि चोरीचा आळ आल्यावर पत्नीसह बाहेर पडतात. समीक्षेने त्यांच्या परवशतेवर भर दिला आहे. परंतु कर्तेपदाच्या दृष्टीने बेलवलकर परवश नाहीत. वाटणी तेच करतात, घरही तेच सोडतात. कोणी त्यांना कोठे ‘ठेवत’ नाही. त्यांच्या शोकान्तिकेस जी उंची लाभते, ती बऱ्याच अंशी या कर्तृत्वामुळे लाभते. दैव आणि स्वभाव यांच्याशी झगडणारा नायक निर्णयाचा कर्ता असावा लागतो.

परंतु याच कारणामुळे सात रस्त्यावरील त्या घराविषयी ‘नटसम्राट’ फारसे सांगू शकत नाही. बेलवलकर स्वतःच्या पायांनी दाराबाहेर पडू शकतात. अंथरुणास खिळलेल्या माणसास हा मार्ग बंद असतो. त्याचा अभिमान कितीही जागा असला, तरी तो घर सोडून जाऊ शकत नाही. त्यास कोणी तरी उचलूनच न्यावे लागते. शोकनायकाची प्रतिमा आणि रुग्णाची अवस्था यांतील हे अंतर मराठी प्रेक्षकाने पुरेसे ओळखलेले नाही. वृद्धाश्रम हा शब्द निघताच त्याच्या डोळ्यांसमोर बेलवलकर उभे राहतात, आणि प्रत्येक मुलात त्यास कृतघ्न मुलगा दिसू लागतो.

जयवंत दळवी यांनी याच विषयास अधिक घरगुती पातळीवर आणले. ‘संध्याछाया’तील नाना आणि नानी यांच्या घरात खलपुरुष कोणी नाही. एक मुलगा परदेशात, दुसरा सैन्यात. दोघेही आपापल्या परीने योग्यच मार्गाने गेलेले. तरीही घर रिकामे होते. दोष कोणाचा, हा प्रश्न येथे निरुत्तर होतो, आणि हेच या नाटकाचे मोठे यश आहे. मात्र त्या रिकाम्या घरास काही पर्याय असू शकतो, असा विचार नाटकाच्या विश्वात उद्भवत नाही. घर किंवा मृत्यू, असे दोनच शब्द तेथे शिल्लक राहतात.

‘कालचक्र’ या नाटकात दळवींनी वृद्धाश्रमाचा निर्णय प्रत्यक्ष रंगमंचावर आणला. मुलांना आईवडील नकोसे झाले आहेत, त्यांची रवानगी वृद्धाश्रमात व्हावी असे घाटत आहे. तेव्हा आम्हांस कोणी दत्तक घ्या, अशी जाहिरात वृद्ध दांपत्य देते. ही कल्पना केवळ चमत्कृतीपूर्ण म्हणून सोडून देण्यासारखी नाही. जाहिरात देणे ही कर्त्याची कृती आहे. ज्यांच्याविषयी ‘ठेवणे’, ‘पाठविणे’ ही क्रियापदे योजली जात होती, ती माणसे एकाएकी स्वतःचे वाक्य स्वतः रचतात. आईबाप मुलास दत्तक घेतात, हा क्रम उलटवून दळवींनी वाक्यातील कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली, असेही म्हणता येईल.

तथापि येथेच या नाटकाची मर्यादाही दिसते. वृद्धांना मिळणारा आसरा पुन्हा एका घराचाच असतो. एक कुटुंब नाकारते आणि दुसरे स्वीकारते. संस्था मात्र अखेरपर्यंत धमकीच्या रूपातच उभी राहते. तेथे माणसे राहतात, जेवतात, भांडतात, मैत्री करतात, याचा नाटकास थांगपत्ता नाही. परिणामी प्रेक्षक नाट्यगृहातून बाहेर पडतो तो निकाल घेऊन. आणि निकाल लागला की विचार थांबतो. त्या निकालात सर्वांत कठोर शिक्षा बहुधा सुनेस होते. या प्रकारच्या नाटकांत सून बोलते पुष्कळ, परंतु तिच्या रात्री कशा जातात हे कोणी पाहत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणारे हात रंगमंचावर येत नाहीत. ‘आपण ठरवायला हवे’ या वाक्यातून वडील जसे वगळले जातात, तशीच सूनही पुष्कळदा वगळली जाते. निर्णय भावंडांचा, बोल सुनेस, अशी ही विभागणी आहे.

४

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने हा प्रश्न एका नव्या भूमीवर नेला. नाटक सोडून चित्रपटाकडे वळण्याचे कारण इतकेच की, पूर्वोक्त नाटकांतील सर्व वृद्ध स्वतःची बाजू मांडू शकतात. ‘अस्तु’तील वृद्धाची ती शक्तीच लोपली आहे. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे पंडित; स्मृतिभ्रंशाने त्यांची भाषा हळूहळू विरत जाते. रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागून ते निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबापाशी पोहोचतात. माहुताची पत्नी चन्नम्मा आणि शास्त्री यांची भाषा एक नाही, स्थिती एक नाही. तरी ती त्यांस लेकरासारखे जवळ करते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांस आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांस २०१३ सालासाठीचे राष्ट्रीय पुरस्कार लाभले.

भाषेच्या अभ्यासकास हा चित्रपट विशेष विचार करावयास लावतो. ज्याच्यापाशी शब्द उरलेले नाहीत, त्यास ‘आपण’मध्ये कसे घ्यावे? मुलींनी वडिलांचे मत विचारावे, असे म्हणणे सोपे. परंतु मत सांगणारा माणूसच दिवसेंदिवस नाहीसा होत असेल तर? चित्रपटाचे उत्तर असे दिसते की, सामावून घेणे हे शब्दांच्या पूर्वीचे आहे. चन्नम्मा शास्त्रींस काही विचारीत नाही. ती त्यांस भरवते. सीमाभागातील मिश्र बोली ऐकत वाढलेल्या सोलापूरच्या प्रेक्षकास या प्रसंगाची सत्यता पटवून द्यावी लागणार नाही.

असे असले तरी एक प्रश्न उरतोच. चन्नम्माचा सहवास थोड्या काळाचा आहे. एका भेटीतील वात्सल्य आणि दहा वर्षांची शुश्रूषा यांत केवळ परिमाणाचा भेद नसतो, गुणाचाही असतो. दीर्घ शुश्रूषेत थकवा असतो, चिडचीड असते, पैशाचा हिशेब असतो, आणि प्रेम असूनही हे सारे असते. माणूस थकला म्हणून त्याचे प्रेम खोटे ठरत नाही. चन्नम्माच्या तेजस्वी प्रतिमेपुढे मुलींचा थकवा फिका, किंबहुना काहीसा अपराधी वाटू लागतो. ‘अस्तु’ने खलनायक दूर केला, ही त्याची थोरवी, परंतु थकलेल्या माणसास त्याने पुरता न्याय दिला असे म्हणवत नाही.

५

वाङ्मयातील या उणिवेचे एक कारण शब्दसंग्रहात शोधता येते. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ हा इंग्रजी शब्द रूढ आहे, परंतु त्याचा अर्थ खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह असा होतो. १९४९ सालच्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातही तो याच अर्थाने आला आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्याच शब्दाने वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा करणारे निवासस्थान सुचविले जाते. त्या अर्थाचा स्वतंत्र शब्द मराठीत रूढ नाही. निराधारांचा आसरा, पैसे भरून राहण्याची जागा, आणि अंथरुणास खिळलेल्यांची शुश्रूषा, या तिन्हींवर ‘वृद्धाश्रम’ हे एकच नाव पडते. याचा व्यवहारात त्रास होतो. अनेक वृद्धाश्रम स्वतःचे स्वतः आवरू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात. अंथरुणास खिळलेल्या किंवा स्मृती हरपलेल्या माणसास घेऊन गेलेल्या कुटुंबास हे दाराशी गेल्यावर कळते.

‘वृद्धाश्रम’ या शब्दाची घडणही विचारार्ह आहे. ‘आश्रम’ म्हणजे तपोवन, आणि ‘आश्रम’ म्हणजे आयुष्याची अवस्था. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाचा काळ सांगितला आहे : अंगास सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंड दिसले की गृहस्थाने वनाकडे वळावे. तेथे निघणारा स्वतः निघतो. इतकेच नव्हे, तर पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावे की सोबत न्यावे, हेही तोच ठरवितो. पत्नीचे मत मात्र तेथेही विचारलेले नाही. आधुनिक वृद्धाश्रमाने प्राचीन शब्द घेतला, पण त्या शब्दातील कर्तेपण मागे टाकले. पुण्यातील ‘निवारा’ ही संस्था एकोणिसाव्या शतकात ‘डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह’ म्हणून स्थापन झाली होती. त्या नावात निदान गरजेचा स्पष्ट निर्देश होता. १९९५ साली महाराष्ट्र शासनाने वृद्धाश्रमांची योजना काढली तिला ‘मातोश्री’ हे नाव दिले. पंगुगृहापासून मातोश्रीपर्यंतचा हा प्रवास म्हणजे लज्जा झाकण्यासाठी उत्तरोत्तर अधिक मंगल शब्द शोधण्याचा प्रवास आहे. शब्द मंगल झाला, ‘टाकले’ हे क्रियापद मात्र तसेच राहिले.

आश्चर्य असे की, या बाबतीत कायद्याची भाषा नाटकाच्या भाषेपेक्षा अधिक सूक्ष्म आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याचे चोविसावे कलम वृद्धास वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगते. परंतु त्यासाठी त्याचा पूर्णतः त्याग करण्याचा हेतू असावा लागतो. म्हणजे ‘ठेवणे’ आणि ‘टाकणे’ यांतील भेद कायदा हेतूवर बसवितो. याच कायद्याचे एकोणिसावे कलम प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम शासनाने टप्प्याटप्प्याने उभारावा, अशी तरतूद करते. संस्थेत ठेवणे हा स्वतः गुन्हा नव्हे, नाते तोडणे हा गुन्हा. इतका विवेक कायद्यात आहे. तो आपल्या रंगभूमीवर अभावानेच आढळतो.

६

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात हे प्रमाण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास होते, आणि ते वाढत जाणार यात संशय नाही. तेव्हा सात रस्त्यावरील त्या घराचा प्रश्न अपवादात्मक राहिलेला नाही. नाटक पाहून आलेली माणसेच हे निर्णय घेतात. त्यांच्या कानांत ‘टाकले’ हा शब्द घुमत असतो, म्हणूनच ती दार लोटून घेतात. लोकापवादाच्या भीतीने निर्णय लांबतो, सुनेची पाठ मोडते, वडिलांच्या पाठीस जखमा होतात. आणि शेवटी एखाद्या रात्री घाईघाईने, वडिलांस काहीही न सांगता, त्यांस हलविले जाते. ज्या कलाकृतींनी त्यागाचा धिक्कार केला, त्यांनीच अशा रीतीने संवादाचा मार्ग काही अंशी बंद केला, हा निष्कर्ष कटू असला तरी टाळता येत नाही.

यावरून वृद्धांनी घरीच राहावे किंवा संस्थेतच जावे, असा कोणताही सिद्धान्त काढावयाचा नाही. दोन्ही उत्तरे योग्य असू शकतात, दोन्ही क्रूरही असू शकतात. अभिप्रेत आहे ते इतकेच की, या विषयावरील कलाकृतीचे मूल्यमापन करताना निर्णय कोणता झाला यापेक्षा तो कोणाकोणाच्या देखत झाला, हे पाहावे. वडील त्या खोलीत होते काय? त्यांची शुश्रूषा करणारी बाई तेथे बसली होती काय, की चहा करीत होती? आणि घर सोडल्यानंतर त्या वृद्धाविषयी एखादे तरी वाक्य असे लिहिले गेले काय, की ज्याचा कर्ता तो स्वतः आहे?

असे नाटक मराठीत लिहिले जाईल तेव्हा त्याचा मुख्य प्रवेश कदाचित अगदी साधा असेल. लोटलेले दार उघडले जाईल. धाकटा मुलगा खाटेशेजारी बसेल, सूनही बसेल. तो म्हणेल, “अण्णा, रात्री आम्हांला आता झेपेना. आपण काय करू या?” या दोन वाक्यांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही आपापल्या योग्य जागी आहेत. पहिल्यात थकव्याची प्रांजळ कबुली आहे, दुसऱ्यात वडिलांची जागा राखलेली आहे. अण्णा काय उत्तर देतील हे सांगता येत नाही. ते रागावतील, गप्प राहतील, किंवा जागा दाखवून आणा असेही म्हणतील. परंतु उत्तर त्यांचे असेल.